धरायचं नाही

६ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. पहिल्या पानावर माझं अक्षर नेहमीच मोत्यासारखं येतं. पुढे त्याचे काय हाल होतात ते मला ठाऊक आहे, पण आजचा दिवस तरी मिरवून घेते.

परवा सामान आलं. एकही कप फुटला नाही, याचा मला नोकरी मिळाल्याहून जास्त आनंद झाला. घर वरच्या मजल्यावर आहे, खालची जागा रिकामीच. खिडकीतून फाटक दिसतं आणि पलीकडचा रस्ता. नवऱ्याने पोचल्या दिवशीच सगळी कुलपं बदलून घेतली, गळका नळ नीट केला, माझी पुस्तकं लावून दिली. तो संगणकावर घरूनच काम करतो, त्यामुळे मला सोडायला-आणायला मोकळा असतो. किल्ल्या त्याच्याकडे असतात. मी विसरभोळी आहे हे आमच्या घरात आता सर्वमान्य झालंय.

आमचा विभाग दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या पलीकडे आहे. इथे येणाऱ्यांना फिट येते, हातपाय झडतात, शुद्ध हरपते, पण तपासणीत फेफऱ्याची खूण सापडत नाही. बिचारे वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या खाऊन बसलेले असतात, आणि घरचे म्हणतात, सोंग करतेय. प्रमुख डॉक्टरांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. उंचीला त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. त्यांनी मला बजावलं की सोंग हा शब्द या दारातून आत आणायचा नाही. वायरिंग शाबूत असतं, पण सोसवत नाही असं काही समोर आलं की मन मेन स्विच खाली ओढतं. माणूस ते मुद्दाम करत नाही आणि करताना त्याला कळतही नाही. त्याच्याशी बोलत बोलत त्याला त्या स्विचपर्यंत न्यायचं, हे माझं काम.

नियम सिस्टरने सांगितले. फिट आली की माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, शांत आवाजात बोलत राहायचं. आणि धरायचं नाही. हातपाय दाबून धरले की फिट वाढते. सिस्टरचा आवाज असा की ‘शांत आवाजात’ हे शब्दही तिने ओरडूनच सांगितले.

ही वही दवाखान्यातच ठेवणार. घरी लिहायला सुचत नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या पहिल्या पेशंट म्हणजे टेलरकाकू. शाळेचे गणवेश शिवतात. पन्नाशीच्या, गोल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या त्यांनी माझ्या कुडत्याच्या बाहीकडे बघितलं आणि ही शिलाई कुणी केली म्हणून विचारलं. मी दुकानातून घेतलाय म्हटल्यावर त्यांनी दुकानाची कीव केली.

काकूंचा नवरा एका धुलाईखान्यात होता. बॉयलरची नळी फुटली आणि वाफेने गेला. त्या आठवड्यात शाळा सुरू व्हायच्या होत्या, म्हणून काकूंनी सगळे गणवेश वेळेवर दिले, एक बटणही कमी नाही. रडायला सवड झाली नाही. काही महिन्यांनी इस्त्री फुसफुसली आणि काकू मशीनशेजारी पडल्या. तेव्हापासून हे सुरू आहे. तपासणीच्या खोलीत डोक्याला तारा चिकटवून, कॅमेरा लावून इस्त्री चालू केली तेव्हा फिट आली. मेंदूच्या लाटा मात्र संथ. मोठ्या बाईंनी त्यांना आनंदाची बातमी आहे असं सांगितलं, तर काकू म्हणाल्या की एवढ्या आनंदाने आतापर्यंत तीनदा डोकं फुटलंय.

आधी ओठ बधिर होतात, मग आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. त्याच क्षणी पाय जमिनीवर दाबायचे आणि समोर जे दिसतं ते मोठ्याने म्हणायचं: खिडकी, खुर्ची, पंखा. काकूंना हसू आलं. म्हणाल्या, बालवाडीत घातलंत की मला!

२० फेब्रुवारी

दुसरा पेशंट पोस्टमन. उंच, वाकलेला, विनोदी. पत्र टाकायला जातो आणि स्वतःच पडतो, अशी त्याने ओळख करून दिली.

त्याचा धाकटा भाऊ जहाजावर होता. तो बुडाल्याचं कंपनीचं पत्र आलं ते पोस्टमनच्याच थैलीत. गठ्ठ्यात तळाशी होतं. अख्खी गल्ली वाटून झाल्यावर आपल्याच दारात त्याने ते बाहेर काढलं. आता थैली खांद्यावर घेतली की डावा खांदा जड होतो आणि पुढचं काही आठवत नाही. हे सगळं त्याने हसत सांगितलं. मी त्याला विचारलं की हसताना शरीरात काय होतंय. त्याने डावा खांदा चोळला. मग म्हणाला, काहीच नाही, आणि तेच तर.

‘काहीच नाही’ इथे सगळ्यांकडे असतं.

२८ फेब्रुवारी

काम रुळलंय. दुपारी पोस्टमन, त्यानंतर काकू, की दिवस संपतो. पाच वाजता खालून हॉर्न येतो, एकच, लांब. नवरा वेळेचा पक्का. सिस्टर म्हणते तिच्या नवऱ्याला लग्नाच्या दिवशीसुद्धा उशीर झाला होता.

डाव्या हाताला जरा बधिरपणा आहे. काल चहा सांडला तर कातडी लाल झाल्यावर कळलं. खोकी उचलून शीर आखडली असणार. दंडावर खोक्यांचे वळही उठलेत. झोप मात्र छान लागते. रात्रीचं काही आठवतच नाही, इतकी छान.

फोन पडून बिघडला. नवऱ्याने दुरुस्तीला दिलाय.

७ मार्च

काकूंनी आज इस्त्री फुसफुसत असतानाच पूर्ण बाहीवरून फिरवून दाखवली. ओठ बधिर झाले, तेव्हा पाय दाबून मोठ्याने म्हणाल्या, खिडकी, खुर्ची, पंखा, बाई. बाई म्हणजे मी. मग रडल्या. वाफेला शिव्या देत, नवऱ्याला शिव्या देत, मनसोक्त. एवढ्या महिन्यांचं रडणं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

त्यानंतर हॉर्न वाजला, आणि मग मी गाडीत होते. मधला जिना आठवत नाही. दमले असेन.

१३ मार्च

बारीकसारीक गोष्टी.

माझ्या चपला टेबलाखाली सोडलेल्या असतात. काल त्या दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. केसांत सुताचा तुकडा सापडला. खोलीतली सतरंजी रोज थोडी सरकलेली दिसते. आज कोपऱ्यात एक छोटी उशी आहे, गणवेशाच्या निळ्या कापडाची, हातशिलाईची. कुणाची म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या की इथे असलेली बरी.

पोस्टमनची वेळ काकूंच्या आधी असते, तरी तो हल्ली पाचपर्यंत बाकावर बसून असतो. घरी का जात नाही विचारलं, तर म्हणाला, सवय झालीय, बाई. तो आणि काकू एकमेकांकडे बघून बोलायचं थांबले.

दोघांनाही पंधरवड्यात एकही फिट नाही. मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मी कौतुक ऐकत होते, कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

१९ मार्च

आज काकूंना सरळ विचारलं. माझ्या पाठीमागे तुमचं काय चाललंय.

त्यांनी दार लोटलं. माझ्यासमोर न बसता शेजारी येऊन बसल्या, मी त्यांच्या शेजारी बसायचे तशा.

“बाई, तुम्ही पडता,” म्हणाल्या. “हॉर्न वाजला की.”

मी हसले असावे. त्यांनी सांगितलं की रोज नाही, पण बहुतेक रोज. डोळे घट्ट मिटतात, मान या बाजूची त्या बाजूला, हातपाय झडतात. पहिल्यांदा त्या घाबरून सिस्टरला हाक मारणार होत्या, पण नवीन नोकरी, जाईल बिचारीची, म्हणून थांबल्या. मग मी शिकवलं होतं तसंच त्यांनी केलं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली मऊ काही दिलं, बोलत राहिल्या. पोस्टमन दाराबाहेर राखण करतो. हॉर्न दुसऱ्यांदा वाजायच्या आत मी उठते, तोंड पुसते, पर्स घेते आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता खाली जाते.

मी विचारलं, मी काही बोलते का.

काकूंनी मांडीवरचं कापड उगाच सरळ केलं. म्हणाल्या, “बोलता. पण ते तुम्ही आम्हाला सांगितलंय, बाई. तुम्हाला नाही.”

हॉर्न वाजला. आत्ताच, हे लिहिताना. पाय जमिनीवर दाबतेय. खिडकी, खुर्ची,

२० मार्च

कालचं वाक्य अपुरं आहे. पेन सतरंजीवर होतं.

मोठ्या बाईंना मी स्वतःच सांगितलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, तपासून घेऊ.

२३ मार्च

डोक्याला तारा. डिंकाचा वास. हे मी कितीजणांना समजावून सांगितलंय: दुखत नाही, जरा चिकट वाटेल. खरंच दुखत नाही.

सिस्टरने खिडकी उघडी ठेवली. हॉर्न पाचला वाजला.

नंतर मोठ्या बाई पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, आनंदाची बातमी आहे. लाटा अगदी स्वच्छ आहेत. म्हणजे हे खोटं आहे असं नाही. वायरिंग शाबूत आहे. पुढचा प्रत्येक शब्द मला पाठ होता. त्या आवाजाशिवाय मला कशानेच फिट येत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं. घरी काही ताण आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, नाही. तो फार करतो माझं.

खोटं बोलत नव्हते. शोधलं तर तिथे काहीच नव्हतं, भिंतीसारखं. मग त्या म्हणाल्या की घरच्यांना विश्वासात घ्यायला हवं. नियमच आहे. उद्या बोलावते त्यांना.

मला नको म्हणायचं होतं. तोंड बधिर होतं.

२४ मार्च

तो नवा शर्ट घालून आला. सगळं लक्ष देऊन ऐकलं, मधे दोनदा डोळे पुसले. फिट आली तर काय करायचं हे नीट विचारून घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, धरायचं नाही. तो म्हणाला, बरं. मोठ्या बाई नंतर मला म्हणाल्या की असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

उद्यापासून मला महिनाभर रजा. त्यानेच मागितली.

सामान आवरताना काकू आल्या. त्यांचे उपचार परवाच संपलेत, तरी आल्या. दार लोटलं आणि म्हणाल्या, आता सांगायलाच हवं. फिटमध्ये मी एकच म्हणत असते. हात सोड. मी हलत नाही. बघ, हलत नाहीये मी. हात सोड. आणि मग अंग सगळं हलत असतं.

त्यांनी माझी बाही वर केली, माप घ्यावं तितक्या सहज. बोटांचे वळ. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या. खोकी फेब्रुवारीत उचलली. मार्च संपत आला. मी हे रोज अंघोळ करताना बघत होते, आणि रोज खोकी म्हणत होते.

काकूंनी माझ्या घराचा पत्ता विचारला. मला सांगता आला नाही. रस्त्याचं नावच माहीत नाही. मी कधी एकटी आले-गेलेच नाही. वही कुडत्याखाली ठेवते. तो खाली गाडीत थांबलाय.

२६ मार्च

घरी. तो कामाच्या फोनवर आहे, भिंतीपलीकडे. तेवढ्यात लिहिते.

तो रागावला नाही. पहिल्या रात्री जेवताना हळूच विचारलं, फिटमध्ये तू काय बोलतेस. मी म्हणाले, माहीत नाही. तो बघत राहिला. म्हणाला, मोठ्या बाई सांगत होत्या की तू काहीतरी पुटपुटतेस. काय ते त्यांनाही कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, माहीत नाही. मग त्याने ताट उचललं, भांडी घासली.

हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं खोटं. छातीत काहीतरी हललं. नाव शोधायला वेळ लागला. भीती. पेशंट पहिल्यांदा नाव घेतात तेव्हा मी त्यांना शाबास म्हणते.

२८ मार्च

आता हॉर्न लागत नाही. त्याच्या चपलेचा आवाज पुरतो.

डॉक्टर काहीही म्हणोत, तो म्हणतो, मी तुला अशी तडफडू देणार नाही. मी धरीन. आणि धरतो. उठते तेव्हा सकाळ असते आणि दोन्ही हात —

रात्रीचं आता आठवतं. थोडं थोडं. आधी नुसता हात, तेवढाच, अंधारातला. मग बाकीचं. या गावातलं नाही नुसतं. आधीच्या घरातलंही. त्याच्या आधीच्याही.

दार उघडं असतं. दिवसभर. तो कुलूप लावत नाही, लावायची गरजच नाही. मी उंबऱ्यापर्यंत जाते आणि डावा पाय उचलत नाही. दार उघडं, आणि मी तिथे उभी. तो मागून येतो, म्हणतो, काही हवंय का?

३० मार्च

मोठ्या बाईंचा फोन आला होता म्हणे. तो म्हणाला, छान प्रगती आहे. माझ्यासमोर म्हणाला. माझ्याकडे बघून.

नोकरीचा राजीनामा त्याने लिहून आणलाय. सही उद्या करायची.

लिहिताना हात माझा असतो. म्हणून लिहिते. थांबले की —

३१ मार्च

दुपार. फाटकाशी सायकल.

पोस्टमन आहे. गणवेशात. खांद्यावर थैली, डाव्या. तो कामावर परतलाय; टपालावरूनच आमचा पत्ता काढला असणार. शेजारी काकू. त्यांनी वर बघितलं. खिडकीत मी दिसले असणार, पण हात केला नाही. शहाणी बाई.

नवरा खाली गेलाय. सगळं ऐकू येतंय. रजिस्टर पार्सल आहे, माझ्या नावाचं. कपाळावर घाम असताना पोस्टमन हसून बोलतोय. नवरा म्हणतो, द्या, मी सही करतो. पोस्टमन म्हणतो, चालत नाही साहेब, ज्याचं त्यालाच द्यावं लागतं. नवरा म्हणतो, ती आजारी आहे. मग थांबतो, साहेब. आज शेवटची डिलिव्हरी तुमचीच, घाई नाही. काकू पायरीवर बसल्यात. गुडघे गेले म्हणतात. जिन्याच्या तोंडाशीच.

नवरा आवाज चढवत नाही. बाहेरच्यांपुढे कधीच नाही.

काकू मोठ्याने बोलतायत. पोस्टमनशी नाही. इमारतीशी बोलल्यासारख्या. “फाटक आहे. सायकल आहे. दोन माणसं आहेत. कुणी धरायला आलेलं नाही.”

ओठ गेले. आवाज लांब. आता येणार.

नाही. वही. पेन. खिडकी. उठले. लिहिते म्हणून उभी आहे. वही भिंतीला टेकवून. दार. उंबरा. जिना खाली. नवरा वळला. त्याने मला बघितलं.

उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टाकला.

डावा